शहाड ते कोपरी: एका कॅनभर रोटिफरसाठी

शनिवारी सकाळी बरणीतलं हिरवं पाणी पांढुरकं झालेलं दिसलं. माझे रोटिफर मेलेले. आणि टाकीतल्या केशरी, पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशची अंडी त्याच संध्याकाळी फुटणार होती!

या पिल्लांचं तोंड इतकं लहान की विकतची भुकटी चालत नाही. समोर हलणारा, जिवंत घास लागतो. रोटिफर म्हणजे तो घास. नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपका. तो न मिळाल्याने मागच्या दोन खेपांची पिल्लं तिसऱ्या दिवशी गेली होती.

ठाण्यातल्या कोपरीच्या सुवर्णाताई घरामागे समुद्री माशांची पिल्लं वाढवायची छोटी हॅचरी चालवतात. त्यांना फोन केला. "ये, पन ऊन चढायच्या आत परत जा."

"दिसत पण नाहीत धड, आणि त्यासाठी ठाण्याला?" असं म्हणत माझे वडील, आप्पा, स्कूटरवर मागे बसले. कॅन धरायला कोणीतरी हवंच होतं.

दुर्गाडी पूल, कोनगाव, मग हायवे. सातच्या आत निघालात तर तासात पोचाल. आम्ही आठला निघालेलो, दीड तास लागला. वाटेतली मिसळ झकास, पण तर्री बेतानेच घ्या.

सुवर्णाताईंच्या अंगणात हिरव्या पाण्याची पिंपं बुडबुडत होती. त्यांनी ग्लासभर पाणी काढून मागून टॉर्च धरला. "बगा काका." पांढरी धूळ नाचत होती. आप्पा चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"सासरे खाडीत जाळं टाकायचे," ताई म्हणाल्या. "आता खाडीत मासा कुठं ऱ्हायला? म्हनून मी पिल्लं वाढवते."

येताना कोनगावला ट्रॅफिक तुंबलं. कॅन गरम व्हायला लागला; पाणी तापलं की रोटिफर मरणार. मी काही म्हणायच्या आत आप्पा उतरले आणि उसाच्या गाड्यावरून बर्फ मागून घेऊन आले.

"आत टाकू नका, आप्पा! खाऱ्या पाण्यात गोडं मिसळलं तर मरतील."

"कळतंय मला." त्यांनी बर्फ रुमालात बांधून कॅनला बाहेरून धरला आणि ते अर्धा तास झाडाखाली उभे राहिले. शर्ट ओलाचिंब.

संध्याकाळी अंडी फुटली. तिसऱ्या दिवशी पिल्लं पोहत होती. पुढे अर्धी गेलीच, ते लपवत नाही. पण सकाळी उठून पिल्लांना रोटिफर घालायचं काम आप्पांनी स्वतःकडे घेतलं. त्या प्रवासातून घरी आलेलं सगळ्यात मोठं तेच.

अंगावर पट्टा उमटला की पिल्लू तगलं समजायचं. बाराव्या दिवशी ऑफिसात त्यांचा फोन आला.

"अरे, एकाला पांढरा पट्टा आला!" मग जरा थांबून, "लवकर ये. सुवर्णाला मी कळवलंय."