आत्याचा आजारी मासा

आमच्या घरात एक मेलेला मासा कितीतरी वर्षं आजारी होता.

आज सकाळी शेवंता आत्या गेली. बाबा कधीच गेले. ज्याच्यापासून हे लपवायचं होतं तो माणूसही गेला. आता सांगायला हरकत नाही.

तिचं घर माणसांनी भरलंय आणि मला एका जागी बसवत नाहीये. आत जाते, बाहेर येते, चहा प्यायलेल्यांनाच परत चहा विचारते. म्हणून हे टाइप करतेय.

भिलाईत तेव्हा पोलादाचा प्लांट उभा राहत होता. बाबा भंडाऱ्याकडचं गाव सोडून फर्नेसवर लागले होते. त्यांची धाकटी बहीण म्हणजे शेवंता आत्या. लग्न झालं, नवरा गेला, आणि ती आमच्या क्वार्टरमध्ये आली.

सासरच्यांना तिची आठवण वर्षातून एकदा यायची. बरोबर धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी. विधवा सून म्हणजे फुकटचे दोन हात.

इथे आत्याने एका रशियन इंजिनियरच्या घरी काम धरलं. सुट्टीवर जाताना त्यांच्या मॅडमने काचेची पेटी आणि त्यातला सोनेरी मासा आत्याच्या हवाली केला. हातवाऱ्यांनी सगळं शिकवलं. खायला थोडंच दे. आजारी पडला तर पेटीवर कापड टाक, अंधार कर, पडू दे.

मॅडम परत आल्याच नाहीत.

आत्याचा दीर तिला न्यायला आला तेव्हा बाबा चार माणसांसमोर बोलून बसले.

"लोकांची अमानत हाय. मासा हाय तोपर्यंत शेवंता इथंच राहीन. मासा गेला का मी सोता तिले गाडीत बसवून देतो."

दीर पेटीत डोकावला. मासा म्हातारा, एक डोळा दुधाळ. दीर खुशीत परत गेला.

आणि बाबांचा शब्द म्हणजे शब्द. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून ते खोटं बोलत नसत. घरात सगळ्यांना याचा फार त्रास होता.

पुढच्या रोवण्याच्या तोंडावर मासा आजारी पडला.

कल्ल्यांपाशी कापसासारखं पांढरं काही उगवलं. मासा तळाशी जाऊन एका अंगावर कलंडला.

आत्याचं खाणंपिणं सुटलं. पेटीपाशी जायची, ओट्यापाशी यायची, परत पेटीपाशी. आधी हळद टाकली. पाणी इतकं पिवळं झालं की मासाच दिसेना. पाणी बदललं. मग कडुनिंबाचा पाला.

आई सैपाकघरातून म्हणाली, "बाई, हळद झाली, पाला झाला. आता फोडणीच राह्यली."

आमच्या भंडाऱ्याकडे मासा पाळतात हे ऐकूनच लोक हसायचे. पण त्या दिवशी आत्या हसली नाही, आणि आईने पुन्हा थट्टा केली नाही.

तेवढ्यात बाबा ड्युटीवरून आले. फर्नेसवर घामाने माणूस आडवा होऊ नये म्हणून कामगारांना मिठाच्या गोळ्या मिळायच्या. बाबांचा त्या गोळ्यांवर फार विश्वास. आमचं डोकं दुखलं, गोळी. गणितात नापास झालो, गोळी.

त्यांनी खिशातून गोळ्या काढल्या आणि पेटीत टाकल्या.

"दादा, हे काय करून राह्यला?"

"आडवा पडला ना तो? आमच्या इथं माणूस आडवा पडला का हेच देतात."

"पण तो काय घाम गाळून राह्यला का?"

"पाण्यातल्याचा घाम तुले दिसते का?"

दोन-चार दिवसांत मासा सरळ झाला.

माशाच्या अशा दुखण्यावर मीठ खरंच चालतं, हे मला मोठेपणी कळलं. बाबांना ते कळायची गरजच पडली नाही.

पण म्हातारपणावर गोळी नव्हती. एका सकाळी आत्याने पेटीवरचं कापड उचललं तर मासा वर तरंगत होता. नेमका त्याच दिवशी दीर यायचा होता.

ती रडली नाही. पपईच्या झाडाखाली मासा पुरला आणि स्वतःच्या दोन साड्या गाठोड्यात बांधल्या. दादाने शब्द दिलेला होता.

बाबा घरी आले. पेटीत नुसतं पाणी पाहिलं. गाठोडं पाहिलं. हातपाय धुतले आणि पेटीवर परत कापड टाकलं.

दीर आला. बसायच्या आधीच विचारलं, मासा कसा आहे?

"आजारी हाय," बाबा म्हणाले.

"पाहू द्या ना मंग."

"उजेड चालत नाही त्याले."

आणि खिशातून मिठाची गोळी काढून, कापडाचा कोपरा जरासा उचलून, त्यांनी ती पाण्यात सोडली. टुबुक.

"इलाज चालू हाय, पाव्हणे. चहा घ्या."

आईने आत्याच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं आणि चहाचं भांडं दिलं.

त्या संध्याकाळी बुद्धवंदनेत, खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलापाशी, बाबांना जोराचा खोकला आला.

पुढे दर वर्षी दीर आला. दर वर्षी एक गोळी, एक टुबुक, एक कप चहा. इतकी सिक लीव्ह अख्ख्या प्लांटमध्ये कुणाला मिळाली नसेल. दिराला कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण चार माणसांसमोर शब्द ठरला होता, आणि कापड उचलायची हिंमत त्याची झाली नाही. मग त्याने येणंच सोडलं.

आत्या पुढे एका शाळेत आया म्हणून लागली. भिलाईतच कोहक्याला स्वतःचं घर बांधलं. पेटी कापडासकट तिथे नेली. शेवटपर्यंत पाणी बदलत होती.

मघाशी मी ते कापड उचलून पाहिलं. काचेच्या कडांना मिठाचा पांढरा थर आहे.

आता न्यायला माणसं आलीत. आत्या पांढऱ्या चादरीखाली आहे. मी दारात उभी आहे आणि जीभ नुसती शिवशिवतेय त्यांना सांगायला:

आजारी हाय. उजेड चालत नाही तिले. इलाज चालू हाय, पाव्हणे. चहा घ्या.

जय भीम, आत्या.