सुरीची डुबकी

दुष्काळाच्या त्या वर्षी कळंबला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारा रोज जीपच्या कमानपाट्याचा तुकडा कानशीनं घासत बसायचा. हौसेची सुरी करत होता. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा टँकरची रांग लागलेली असताना तो शेगडीतून काढलेलं लालभडक पातं चिमट्यात धरून धावत आला. "कुणीतरी हंडा द्या! आत्ता बुडवलं न्हाय तर पातं मऊ राहतंय!"

"ओ बाबा, ढोरं तहानलीत अन् तुमी लोखंडाला पाणी पाजताव व्हय?" एक बाई कडाडली.

"पितंय कुठं ते? नुसती डुबकी मारतंय!"

पातं काळवंडायला लागलं. मी माझा भरलेला दुसरा हंडा पुढं केला. बायको जाऊन दोन महिने झाले होते, तरी दोन हंडे भरायची सवय सुटली नव्हती.

चर्र झालं. म्हाताऱ्यानं पात्यावर कानस ओढून पाहिली. ती नुसतीच घसरली, म्हणजे पातं कडक झालं होतं. तो रांगेसमोर नाचलाच.

मग हंडा अदबीनं परत देत म्हणाला, "थेंब कमी न्हाय. वैनीला सांगा, जरासं कोमट झालंय."

घरी जाऊन मी तिच्या फोटोला तेवढं सांगितलं.