सुभेदारांची शाल

पक्षाघातानं ह्यांचा उजवा हात गेला, तेव्हापासून थंडी सोसत नाही. आज कपाटातून शाल काढली. डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी सांगलीतल्या आमच्या शाळेच्या सभागृहात जाऊन पोचले.

तिथं एका माजी विद्यार्थ्याचा सत्कार होता. कुंडलचे सुभेदार, सीमेवर डावा हात गमावून आलेले. मी दहावीत होते, तबक धरून शेजारी उभी. हेडमास्तरांनी त्यांना तशाच वासाची शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि सवयीनं पुष्पगुच्छही पुढं केला. टाळ्या वाजत होत्या. तेवढ्यात शाल घसरून खाली पडली. सुभेदार नारळ धरून तिच्याकडं बघत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "पोरी, तेवढी उचल गं. मला न्हाई जमायचं."

माझे दोन्ही हात तबकात अडकलेले. ते कुठं ठेवावं, सुचेना.

घरी जाताना आम्ही मुली त्यांच्या पदकांबद्दलच बोलत होतो.

आत्ता ह्यांच्या खांद्यावरून शाल घसरली. हे नुसते तिच्याकडं बघत राहिले. आज माझे दोन्ही हात मोकळे आहेत. शाल तेवढी उचलता येते.