तीन दिवसांचं पथ्य

इनास गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहात बिस्कीट बुडवत होतो. त्याच्या बायकोला, मार्था वहिनींना, एवढंच बोलता आलं, "भाऊजी, पायातलं विष अंगभर गेलं…" बिस्कीट चहात गळून पडलं. ते मी चमच्याने काढून खाल्लं, हे सांगायला लाज वाटते. पण माझ्या जागी इनास असता तर त्यानेही तेच केलं असतं.

भुईगावचा इनास आणि गोखिवऱ्याचा मी, सातिवलीच्या एका कारखान्यात वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. चहा तिथे पाकासारखा गोड यायचा. आमच्या शर्टांची बटणं एकाच सुमारास ताणू लागली आणि रक्तातली साखरही एकाच शिबिरात सापडली. मग आम्ही दोघा पदवीधरांनी युक्ती काढली. तपासणीआधी तीन दिवस कडक पथ्य : कारल्याचा रस, भाकरी, मैदानाला फेऱ्या. रक्त दिलं की दवाखान्याच्या पायरीवरच इनास पिशवीतून सुकेळी काढायचा. त्याच्या वाडीतली केळी, वहिनींनी उन्हात सुकवलेली, मधासारखी चिकट.

"खा रे सावंत, घरचं आहे. याच्यात साखर टाकलीय कोणी?"

मला ते पटायचं! डॉक्टर रिपोर्ट बघून खूश, आम्ही डॉक्टरांना बघून खूश. एकदा त्यांनी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करून घेतली आणि बिंग फुटलं. इनास गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "डॉक्टर, हा सावंत मला बिघडवतो." बाहेर येऊन आम्ही इतके हसलो की घसा सुकला, म्हणून एकेक थंडा प्यायलो.

एके दिवशी वाडीतून आलेल्या इनासची चप्पल वहिनींनी उचलली, तर ती रक्ताने भिजलेली. खालून खिळा घुसला होता आणि हा दिवसभर तसाच हिंडला होता.

"दुखलं नाही?" मी विचारलं.

"नाही ना! नशीब."

मीही ते नशीबच मानलं… साखरेने त्याच्या पायाची जाणीवच खाल्ली होती, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत जखम काळी पडली होती. आधी अंगठा काढला, मग पाऊल. शेवटी काचेपलीकडे दिसला तो सुजलेला, ओळखू न येणारा कोणीतरी.

परवा चर्चमध्ये त्याच्या महिन्याच्या मिस्साला, प्रार्थनेला गेलो. नंतर वहिनींनी मला ओटीवर त्याच्या आरामखुर्चीत बसवलं, बिनसाखरेचा चहा दिला, खराट्याची एक काडी मोडली आणि खाली बसल्या.

"पाय पुढे करा, भाऊजी. हॉस्पिटलात शिकवलंय मला. डोळे मिटायचे, टोक लागलं की सांगायचं."

"वहिनी, माझ्या पाया कशाला पडता?" मी म्हणून पाहिलं. त्या हसल्या नाहीत.

डोळे मिटले. वाडीत कुठेतरी झावळी पडली. मी वाट बघत राहिलो… बराच वेळ.

"लावा ना, वहिनी."

डोळे उघडले, तर काडीचं टोक माझ्या अंगठ्याखाली दाबलेलं होतं आणि वहिनी रडत होत्या.