ताणावर सोडलेली झाडं

अंबुजाक्का गेल्याचं त्यांच्या भाच्यानं, मुरलीनं, मला फोनवर सांगितलं. मी ऑफिसला निघालो होतो. "अक्का गेली," एवढं म्हणून तो थांबला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "तुम्ही ते सांगितलं नसतं तर अजून असती. झालं आता समाधान?" मग फोन ठेवला. दुःखात माणूस बोलून जातो, मनावर घेऊ नका, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. काही आठवडे झाले, मी मनावर घेतलेलंच आहे. म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

मद्रासला अण्णा नगरमधल्या आमच्या इमारतीत अक्का तळमजल्यावर एकट्या राहत. मूळच्या तंजावरच्या, लग्न केलं नाही, रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या. मी बँकेच्या बदलीवर सोलापूरहून आलो, तेव्हा पहिल्याच भेटीत कौतुकानं म्हणालो, "इतक्या लांब राहूनही तुमचं मराठी छान आहे हो." त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आमच्या किती पिढ्या इथं मराठी बोलत मेल्या. तुझ्या मराठीत मात्र निम्मं हिंदी आहे, विनायका." त्यांची बोली जुनी, तमिळ हेल असलेली. मला ती हुबेहूब लिहिता येत नाही. चुकीची लिहिण्यापेक्षा त्यांचं बोलणं माझ्या मराठीत लिहितो.

कंपाउंडच्या भिंतीलगत त्यांनी लावलेली पेरूची दोन झाडं होती. अक्का त्यांना कोय्याच म्हणत. दर उन्हाळ्यात त्या ती झाडं ताणावर सोडत, म्हणजे पाणी पूर्ण बंद. आपल्याकडचे बागायतदार बहार धरताना हेच करतात. पानं पिवळी पडून गळतात, फांद्या काटक्यांसारख्या दिसतात, झाड मेलं असं कुणालाही वाटावं. अग्निनक्षत्राचे दिवस, म्हणजे मद्रासच्या उन्हाळ्याचा कहर, संपला की अक्का शेंडे छाटत, खत घालत आणि मग पाणी सोडत. नव्या फुटीवर कळ्या यायच्या. पेरूला कळी नव्या फुटीवरच येते, हे मला त्यांनीच शिकवलं. पहिल्या वर्षी मला दया आली आणि मी बादलीभर पाणी नेलं, तर ओरडल्या, "वेण्डाम, नको! लाड करशील तर नुसती पानं खाशील." पुढे फळं धरली की पिशव्या भरून घरोघर जायच्या. आमच्या असोसिएशनच्या सेक्रेटरींच्या घरी सगळ्यांत मोठी पिशवी, कारण त्यांच्या आईला पेरू आवडायचे.

या वर्षी झाडं ताणावर असतानाच अक्कांचं हृदय थकलं आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. जाताना त्या वॉचमनला बजावून गेल्या, पाणी द्यायचं नाही. त्यानं दिलं नाही. पानं गळली. मग एका सकाळी सेक्रेटरी मला फाटकाशी म्हणाले, "मरम सेत्तु पोच्चु, सार." झाड मेलं. वाळकी फांदी कुणाच्या डोक्यात पडेल, त्यापेक्षा काढून टाकू, तिथं दोन गाड्या उभ्या राहतील.

मी त्यांना हाताला धरून झाडाशी नेलं. नखानं साल खरवडली. आत हिरवंगार.

"हे काय?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "शेवाळ असेल."

त्या उन्हात, साली*खाली* शेवाळ! मी सगळं समजावून सांगितलं, लेखी हरकतही दिली. "सरि, सरि, मीटिंगमध्ये बघू," ते म्हणाले. मीटिंग झालीच नाही. मी ऑफिसात असताना माणसं आली आणि दोन्ही झाडं करवतीनं कापली. संध्याकाळी घरी आलो तेव्हा भुसा झाडून झाला होता आणि सेक्रेटरींची गाडी तिथं उभी होती. मी आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासले आहेत. माणसं चुकतात, हे मला माहीत आहे. पण ही चूक नव्हती. हिरवं दाखवल्यावर केलेली गोष्ट ही चूक नसते.

बंगळूरहून आलेल्या मुरलीनं सर्वांना एकच सांगितलं, अक्काला कळता कामा नये. सेक्रेटरींना हे फारच पटलं. इमारतीत एकदम सगळ्यांना अक्कांच्या हृदयाची काळजी वाटू लागली.

शनिवारी मी भेटायला गेलो. अक्का उशीवर पडून होत्या, आवाज अगदी बारीक. मुरली चहा प्यायला खाली गेला आणि त्या म्हणाल्या, "मुरली सांगतो, कोय्याला कळ्या आल्यात."

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"पाणी कुणी सोडलं?"

"कुणी नाही."

"छाटणी?"

"नाही."

"मग कळ्या काय माझ्या डोक्यावर आल्या?" त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तू तरी मला म्हातारी समजू नकोस."

मी सांगितलं. सगळं, क्रमानं. शेवाळसुद्धा. त्यांनी डोळे मिटून घेतले… मला वाटलं, नर्सला बोलवावं. मग डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "किती उंचीवर कापलं?"

"गुडघ्याएवढं."

"तुझ्या की माझ्या?"

"मोजलंय मी. दीड फूट."

"मुळं?"

"आहेत अजून. सोमवारी खणून काढणार, वर फरशी घालणार."

अक्कांनी डोळे उघडले. पलंगाचं डोकं वर करायला लावलं. "सेक्रेटरीला सांग, मी आले की त्याच्या गाडीच्या काचेवर शेण थापते. चुना आणि मोरचूद कालवून कापलेल्या जागेवर लाव. अग्निनक्षत्र सरलं की पाणी. फुटवे शंभर येतील, चार ठेव, बाहेरच्या अंगाचे. बाकीचे काढ, दया करू नकोस." मुरली वर आला तेव्हा मावशीचे गाल लाल झालेले आणि ती हात नाचवत बोलत होती. तो घाबरला. ती मात्र मला म्हणाली, "इथं काय बसलायस? घरी जा!"

मी घरी गेलो. सोमवारी रजा टाकली, बुंध्यापाशी खुर्ची घेऊन बसलो आणि खणायला आलेल्यांना झाड तोडायची सरकारी परवानगी मागितली. ती नव्हतीच. सेक्रेटरी आपल्या दारापर्यंत येऊन परत आत गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मुरलीचा तो फोन आला.

डॉक्टरांना मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. मी जे पाहिलं ते इतकंच, की खोट्या कळ्या ऐकून अक्का पडून होत्या आणि खरं ऐकून उठून बसल्या. अंबुजाक्का उठून बसलेल्या मी शेवटच्या पाहिल्या त्या तेव्हाच. त्यांचा तो राग त्यांच्या हक्काचा होता. तो त्यांच्यापासून लपवून ठेवायचा अधिकार भाच्याला नव्हता, मलाही नव्हता.

शोकसभेत सेक्रेटरी म्हणाले, अक्कांचं निसर्गावर प्रेम होतं. बुंध्यांजवळ त्यांच्या नावाची पाटी लावू, असंही म्हणाले. मी उभा राहून विचारलं, "पाटीवर झाडं कुणी कापली, तेही लिहायचं का?" सभा लवकर आटोपली. बायको म्हणाली, जागा तरी बघून बोलावं. याहून योग्य जागा मला सुचत नाही.

अग्निनक्षत्र संपल्यावर मी पाणी सोडलं. दोन्ही बुंधे फुटले, खालपासून वरपर्यंत, इतके की साल दिसेना. अक्कांच्या कात्रीनं मी एकेकावर चार ठेवून बाकीचे फुटवे काढले. हात थांबत होता. काढले. मुरलीला हे कुणाकडून तरी कळलं असावं. त्यानं मेसेज केला, फोटो पाठवाल का? मी उत्तर दिलं, येऊन बघ.

आता रोज सकाळी आळ्यात पाणी घालतो. नळी जोरात सोडायची नाही, करंगळीएवढीच धार, म्हणजे पाणी वाहून न जाता खाली मुरतं. ही अक्कांची पद्धत. वेळ लागतो. नळी फाटकातून आडवी जाते आणि सेक्रेटरींची ऑफिसला जायची वेळ नेमकी तीच. ते गाडी सुरू करून थांबतात. मग हॉर्न वाजवतात. मी वळून बघत नाही, आळं अजून भरलेलं नसतं.