आवाजाचे मालक

सांगलीच्या एका मोठ्या रुग्णालयात मी हृदयरोगतज्ज्ञ व्हायला शिकत होतो, तेव्हा आमच्या वॉर्डात माण तालुक्यातले एक मेंढपाळ आजोबा होते. त्यांच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती आणि तिचा आवाज इतका स्पष्ट ऐकू यायचा, की आम्हाला शिकवणारे सर प्रत्येक नव्या डॉक्टरला आधी त्यांच्याकडेच धाडत. आजोबांना त्याचा भारी तोरा. पांढरा कोट दिसला की ते सदऱ्याची बटणं काढून श्वास रोखून बसायचे. एकदा पांढऱ्या शर्टातल्या चहावाल्यासमोरही बसले. तो बिचारा कप धरून उभा!

झडप बदलायचं ठरलं, तेव्हा मात्र ते अडून बसले. "आवाज जानार म्हंता? मग ही पोरं शिकनार कशावर?"

शेवटी त्यांनीच अट घातली, की आधी सगळ्यांनी एकदा ऐकून घ्यायचं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आम्ही रांगेत उभे राहिलो आणि ते सत्काराला बसल्यासारखे ताठ बसले.

नवी झडप धातूची बसवली. घरी जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. मी स्टेथोस्कोप काढला, तर म्हणाले, "ती नळी ऱ्हाऊ द्या. नुसता कान लावा."

छातीतून घड्याळासारखी टिकटिक येत होती.

"आवं डॉक्टर, तुमी एवढी वर्सं शिकताय," ते म्हणाले, "आन् आमची म्हातारी खाटंखाली निजून ऐकती. कालपासनं तिनंबी डॉक्टरकी सुरू केलीया."