ताईबाईच्या चुलीवरचं
दौंडजवळच्या त्या वाडीत ताईबाईच्या हाताला जी चव होती, ती दुसऱ्या कुणाच्या नव्हती. बौद्ध वस्तीत लग्न असो की जयंती, स्वयंपाक तिच्याच हाती. नवरा गेल्यावर ती खुरपायला जाऊ लागली आणि तिथंच वच्छलाबाईशी तिची गट्टी जमली. वच्छलाबाई धनगराच्या घरची, आणि नाक भलतं तिखट. एका दुपारी ताईबाई बैलाच्या मांसाच्या वाळवलेल्या चान्या निखाऱ्यावर भाजत होती. त्या वासानं वच्छलाबाई उंबऱ्यातच अडली.

"मोठ्याचं हाय गं," ताईबाईनं आधीच सांगून टाकलं. लपवाछपवी तिला कधी जमलीच नाही.

तरी वच्छलाबाईनं खाल्लं, आणि मग 'बाटले' म्हणून रडायला बसली. ताईबाईला कीव आली. विहारात भाषणाला आलेल्या मास्तरांचं बोलणं तिला आठवलं.

"उगी. जुन्या काळी ऋषींच्या घरी पाव्हणा आला की गोऱ्हा कापायचे, यज्ञातबी कापायचे. तुमच्याच पोथ्यांत लिवलंय म्हणं. गाय पार मागनं देव झाली."

वच्छलाबाईनं डोळे पुसले आणि आणखी एक चानी मागितली. त्यानंतर कितीतरी वर्षं ती मागच्या दारानं येत राहिली, चान्या खाऊन ताईबाईच्या माठातलं पाणी पिऊन जात राहिली.

पुढं शाळेत खिचडी शिजवायला बाई नेमायची ठरली. ताईबाईला वाटलं, आता उन्हातलं खुरपणं सुटलं. ग्रामसभेत तिचं नाव पुकारलं आणि वच्छलाबाई ताडकन उठली. तिलाही तीच जागा हवी होती, हे ताईबाईला तिथं कळलं.

"हिच्या चुलीवर मोठ्याचं शिजतं. वर म्हणती, आपले ऋषी गाय खायचे! असलीच्या हातचं पोरांना घालणार व्हय?"

सभा खवळली. उभ्या जन्मात ज्यांनी पोथी उघडली नव्हती, तेसुद्धा ऋषींसाठी बाह्या सरसावून उठले. धीर देण्यासाठी सांगितलेली गोष्ट हिनं अशी चव्हाट्यावर आणावी? ताईबाईच्या अंगाची लाही लाही झाली.

"व्हय, शिजतं! आन् हीच येऊन खाती!"

सगळे वच्छलाबाईकडं वळले. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"खंडोबाची आण. हिच्या घरचं मी पाणीबी प्यायले न्हाई."

सगळ्यांनी तिच्यावरच विश्वास ठेवला. जागाही तिलाच मिळाली.

जागा गेल्याचं दुःख ताईबाईनं गिळलं असतं. चान्या नाकारल्या, तेही एक वेळ सोसलं असतं. पण पाणीसुद्धा नाही म्हणाली! घरी आल्यावर ती माठाशेजारी बसली आणि ढसाढसा रडली.